दर बारा सेकंदांनी एक

स्वित्झर्लंडमधील म्यूरेन या गावी दर जानेवारीत इन्फर्नो नावाची हौशी स्कीपटूंची शर्यत होते आणि तिच्यात दर बारा सेकंदांनी एक स्पर्धक शिल्टहॉर्न या शिखराच्या उतारावर सोडला जातो. स्पर्धकांची मर्यादा 1850 आहे. साधा गुणाकार केला तरी लक्षात येते, की पहिला सुटल्यानंतर शेवटच्याची पाळी यायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो; मध्येच धुके उतरले किंवा कोणी जखमी झाले, तर त्याहूनही उशीर होतो. पहिला स्पर्धक ज्या बर्फावरून जातो तो रात्रभर यंत्रे फिरवून सपाट केलेला, सकाळच्या थंडीत घट्ट बसलेला असतो. शेवटच्याच्या वाट्याला येतो तो आधीच्या साऱ्यांनी कातलेला, ढकललेला, जागोजागी खड्डे पाडून ठेवलेला डोंगर. मी या शर्यतीत उतरते ती मागच्या नंबरांत, आणि मला लिहायचे आहे ते या मागच्या नंबरांबद्दलच. कारण शर्यतीची चर्चा जिंकणाऱ्यांच्या पाव तासाभोवती फिरत राहते आणि दुपारी त्याच उतारावर काय चाललेले असते, याची दखल क्वचितच घेतली जाते.

मी बर्नमध्ये राहते आणि नोकरी करते. सह्याद्रीत भटकण्याची सवय लहानपणापासूनची. स्की मात्र पायात आली ती तिशी उलटल्यावर. डोंगरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते, की चढाला दम लागतो आणि उताराला अक्कल. घसाऱ्यावरून उतरताना पाय कुठे टाकायचा हे पाय टाकण्याच्या आधी ठरलेले असावे लागते, आणि हीच जाण पुढे बर्फावर माझ्या उपयोगी पडली. शर्यत शनिवारी असते. मी शुक्रवारची रजा टाकते, पहाटेची गाडी पकडते आणि इंटरलाकेनमार्गे लाउटरब्रुनेनला पोहोचते. म्यूरेन हे मोटारींना बंदी असलेले गाव 1638 मीटर उंचीवर एका कड्याच्या माथ्यावर वसले आहे. तिथे जायला लाउटरब्रुनेनहून केबलकारने ग्र्यूचआल्प गाठायचे आणि पुढे कड्याच्या काठाकाठाने जाणारी छोटी रेल्वे धरायची. ही रेल्वे 1891 पासून चालू आहे. समोर दरीपलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरे ओळीने उभी असतात, पण त्या दिवशी माझे लक्ष उलट्या बाजूच्या उताराकडे असते, कारण मधले विंटरएग हे स्थानक शर्यतीच्या मार्गालगतच आहे.

गेल्या वेळी त्या गाडीत पुण्याचे एक जोडपे भेटले. माझ्या स्कीच्या पिशवीवर देवनागरीत नाव लिहिलेले आहे, ते वाचून काकूंनी हाक मारली. "अगं, तू मराठी दिसतेस. आणि हे एवढं लांबलचक काय घेतलंयस?" मी म्हटले, "स्की आहेत, काकू. उद्या शर्यत आहे." काकांनी मग नंबर विचारला, एकूण माणसे विचारली, थोडा वेळ मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे तू निघशील तेव्हा दीड हजार माणसं खाली पोचलेली असणार. मग तुझी चढाओढ कुणाशी?" मी त्यांना सांगितले, की इथे प्रत्येकाचे घड्याळ वेगळे सुरू होते आणि शेवटी फक्त वेळा शेजारी शेजारी मांडल्या जातात. "असं होय! म्हणजे घड्याळं वेगळी, पण डोंगर सगळ्यांना एकच," काका समाधानाने म्हणाले. तेवढ्यात म्यूरेन आले आणि मी उतरले. नाहीतर डोंगरही एक राहत नाही, हे मी त्यांना नक्की सांगितले असते.

घड्याळावर निकाल लावायची ही पद्धत म्यूरेनमध्येच रुजली, असे म्हणायला हरकत नाही. अर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने 1922 च्या जानेवारीत इथल्या एका उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवून शर्यत घेतली आणि तिचा निकाल केवळ वेळेवर ठरवला. त्याआधी वळणे किती डौलदार घेतली याला गुण मिळत. लनने डौल बाजूला ठेवला. आजच्या स्लालमचा, म्हणजे झेंड्यांच्या जोड्यांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीचा, उगम इथे मानला जातो. हा माणूस 1888 साली मद्रासमध्ये जन्मला, कारण त्याचे वडील हेन्री लन तिथे मिशनरी म्हणून गेले होते. पुढे याच वडिलांनी इंग्रज प्रवाशांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा मोठा व्यवसाय उभा केला आणि म्यूरेनला हिवाळी पाहुणे येऊ लागले. लनने 1924 मध्ये इथे जो क्लब काढला त्याचे नाव कंदाहार. बर्फातल्या स्विस गावात हे नाव कुठून आले, याचा माग काढत मी एकदा बरेच वाचले. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मायवंदच्या लढाईत मुंबई इलाख्याच्या फौजेतील पलटणींची भयंकर हानी झाली. उरलेले सैन्य कंदाहारात कोंडले गेले, तेव्हा जनरल रॉबर्ट्स काबूलहून सैन्य घेऊन चालत निघाला आणि 1 सप्टेंबरला त्याने कंदाहारची लढाई जिंकली. पुढे लॉर्ड झालेल्या या रॉबर्ट्सच्या नावाचा चषक 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधीलच मोंताना येथील उताराच्या शर्यतीला ठेवला गेला, आणि चषकावरून क्लबाला नाव मिळाले. आज जर्मनीतल्या गार्मिशपासून इटलीतल्या सेस्त्रिएरपर्यंत कितीतरी उतारांची नावे कंदाहार आहेत. मुंबईच्या पलटणींतल्या ज्या शिपायांनी मायवंदला जीव गमावला, त्यांच्या मरणाचा एक दूरचा धागा या पांढऱ्या उतारांपर्यंत येतो, हे मला तिथे गेल्यावर दर वेळी जाणवते आणि त्याने मन जड होते.

या कंदाहार क्लबाच्या मंडळींनी 1928 च्या जानेवारीत पहिली इन्फर्नो घेतली. सतरा जण होते. तेव्हा शिल्टहॉर्नवर केबलकार नव्हती. ती 1967 साली झाली. म्हणून सगळे जण चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला सीलची कातडी बांधून 2970 मीटरचे शिखर चढून गेले आणि मग न आखलेल्या, न दाबलेल्या बर्फातून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत उतरले. जिंकणाऱ्या हॅरल्ड मिचेललाही तासाहून अधिक वेळ लागला. त्या सतरांत डोरीन एलियटसारख्या स्त्रियाही होत्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्त्रियांचा स्वतंत्र स्की क्लब म्यूरेनमध्ये 1923 मध्येच निघाला होता. 1931 मध्ये याच गावात डाउनहिल (थेट वेगाने उतरण्याची शर्यत) आणि स्लालमची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रियांच्या दोन्ही शर्यती एस्मे मॅकिनन या सतरा वर्षांच्या मुलीने जिंकल्या. अनेक खेळांत स्त्रियांना मैदानात येण्यासाठी दशकानुदशके भांडावे लागले. इथे त्या पहिल्या दिवसापासून त्याच डोंगरावर होत्या.

शुक्रवारी मी मार्ग पाहायला जाते ती मुद्दाम दुपारी अडीच-तीनच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या दिवशी साधारण ज्या वेळी माझी पाळी येणार त्याच वेळी. शिल्टहॉर्न हे म्यूरेनच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे जानेवारीत दुपार कलली, की सूर्य डोंगरामागे जातो आणि उतारांवर सावली चढू लागते. सावलीत बर्फाला खोली दिसत नाही. उंचवटा आणि खड्डा दोन्ही एकाच राखाडी रंगाचे होतात, आणि डोळ्यांना जे कळत नाही ते तळपायांना कळून घ्यावे लागते. कोणती वळणे सावलीत असतील, कुठे उजेड अचानक संपेल, हे शुक्रवारी पाहून ठेवता येते. आधीच्या स्पर्धकांच्या स्कींनी पडणाऱ्या चाकोऱ्या मात्र आधी पाहता येत नाहीत, कारण त्या शनिवारी सकाळी तयार व्हायच्या असतात. नंबराचे कापड घ्यायला गेले तेव्हा कळले, की खाली दरीत पुरेसा बर्फ नसल्याने या वेळी शर्यत लाउटरब्रुनेनपर्यंत न नेता विंटरएगला संपवणार आहेत. पूर्ण मार्ग 14.9 किलोमीटरचा आहे, पण लाउटरब्रुनेनची उंची जेमतेम 800 मीटर. तिथवर स्कीवर जाता येईल असा बर्फ असणे आता भाग्याचे झाले आहे. गावातली जुनी माणसे पूर्वीच्या हिवाळ्यांबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा दुःख जास्त असते.

संध्याकाळचा खरा मुक्काम राहण्याच्या जागेच्या तळघरात, स्की ठेवायच्या खोलीत. एका लांब बाकावर शिकंजे बसवलेले असतात, त्यांत स्की उलटी घट्ट करायची. आधी कडा, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या धारा. कडेवर बोट फिरवले, की दगड लागून झालेला बारीकसा खरखरीत भाग लगेच हाताला कळतो. तो दगडी पट्टीने घासून मग कानस चालवायची, कोन पक्का धरणाऱ्या साच्यात, नेहमी एकाच दिशेने. मी बाजूचा कोन 87 अंशांचा ठेवते. पायाखालचा भाग धारदार करते, पण टोकाकडची आणि शेपटीकडची वीतभर धार रबराने जाणूनबुजून मारून टाकते, कारण टोकाची धार तीक्ष्ण राहिली तर चाकोरीच्या भिंतीत स्की अडकते आणि गुडघा मुरगळतो. पुढच्या नंबरांना याची गरज नसते. त्यांच्यासाठी बर्फ सपाट असतो आणि स्की टोकापासून शेपटीपर्यंत चावली तर त्यांना हवीच असते.

मग मेण. थंड बर्फाला कडक, निळे-हिरवे मेण आणि शून्याजवळच्या बर्फाला मऊ, पिवळे, हा सर्वांना माहीत असलेला नियम. पण वर कडाक्याची थंडी आणि खाली सौम्य हवा असेल तर एकच मेण दोन्हीकडे कसे चालणार? माझे मत असे, की निवड खालच्या सपाटीला धरून करावी. वरच्या तीव्र उतारावर स्की कोणत्याही मेणावर धावतेच. सेकंद आणि मिनिटे गळतात ती खाली, जिथे उतार संपत येतो आणि शरीर थकलेले असते. मेणाची कांडी इस्त्रीच्या टोकाला टेकवली, की थेंबांची रांग तळावर पडते, आणि मग इस्त्री न थांबता टोकापासून शेपटीपर्यंत फिरवायची. एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली तर तळ जळतो. मेण तळात मुरून थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. शेवटी प्लास्टिकच्या पट्टीने ते जवळजवळ सगळे खरवडून काढायचे आणि ब्रशने घासत राहायचे, तळ काचेसारखा दिसेपर्यंत. शेजारच्या शिकंज्यावर सत्तरीचे एक स्विस शेतकरी हेच काम करत होते. त्यांनी माझ्या स्कीच्या टोकावरून अंगठा फिरवला, मारलेली धार ओळखली, माझा नंबर विचारला आणि मान हलवली. त्यांचा नंबर माझ्याही मागे होता. बाहेर गावातून मिरवणूक चालली होती आणि शर्यतीच्या आदल्या रात्री जाळतात तो सैतानाचा पुतळा पेटवायला लोक जमले होते. आम्ही दोघे मात्र मेण खरवडत राहिलो.

शनिवारी मागच्या नंबराला सर्वांत आधी करावी लागते ती प्रतीक्षा. सकाळपासून ध्वनिक्षेपकावर नंबर आणि वेळा ऐकू येत असतात. हलकेच खायचे, पाय गरम ठेवायचे, योग्य वेळी वर जाऊन 2790 मीटरवरच्या सुरुवातीच्या रांगेत उभे राहायचे. त्या रांगेत बोलणे फार होत नाही. कोणी बूट आवळत असतो, कोणी डोळे मिटून हातांनी हवेत वळणे घेत असतो. पुढचा माणूस जातो, आपण दोन स्की फळीच्या काठाशी आणतो, काठ्या पलीकडे रोवतो, आणि बारा सेकंद संपतात.

चाकोरी कशी तयार होते हे समजल्याशिवाय मागच्या नंबराची शर्यत समजणार नाही. वेगातल्या वळणात स्कीची कड बर्फ कातते आणि कातलेला बर्फ बाहेरच्या बाजूला फेकला जातो. सगळे जण साधारण एकाच रेषेने जात असल्याने दुपारपर्यंत त्या रेषेवर बैलगाडीच्या वाटेसारखा खोल चर पडतो, बाहेरच्या अंगाला भिंत उभी राहते आणि चराच्या तळाशी बर्फ घासून घासून गुळगुळीत, कठीण होतो. एका वळणाची चाकोरी पुढच्या वळणाच्या चाकोरीला मिळते तिथे आडवे उंचवटे येतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हे टाळण्यासाठी उतारात आधीच पाणी सोडून तो गोठवून घेतात, म्हणजे उशिराच्या नंबरांनाही बरा पृष्ठभाग मिळावा. तरीही उशिराचा नंबर तो उशिराचाच. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये गुलमर्गच्या आरिफ खानने पडत्या बर्फात जायंट स्लालमच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि तो 45 वा आला. त्या निकालाचे मोल ज्याने उशिराच्या नंबराने उतार केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. इन्फर्नोच्या एवढ्या लांब मार्गावर पाणी सोडून गोठवणे शक्यच नसते.

म्हणून मागच्या नंबराला प्रत्येक वळणापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो: चाकोरीत शिरायचे, की तिच्या वरून जायचे. आत शिरले तर बाहेरची भिंत स्कीला आधार देते आणि वेग टिकतो, पण तुमची रेषा दुसऱ्यांनी ठरवलेली असते आणि प्रत्येक आडवा उंचवटा गुडघ्यांतून कमरेपर्यंत हादरा पाठवतो. वरून गेले तर बर्फ न कातलेला मिळतो, पण अंतर वाढते आणि खाली येताना चर ओलांडावाच लागतो. कानोनेनरोर हा भाग अरुंद आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला जाळ्या. तिथे निवडीला वाव नसतो. मी तिथे शिरताना पाय सैल सोडते, गुडघे छातीकडे येऊ देते आणि नजर दोन वळणे पुढे ठेवते, कारण पायाखाली पाहिले तर उशीर झालेला असतो. त्या दिवशी सावली कानोनेनरोरच्या तोंडाशीच होती. आत शिरताच सगळे राखाडी झाले, आणि त्या राखाडीत भिंतीने डावी स्की उचलून धरली, सोडली, पुन्हा धरली. मागून कोणीतरी ओरडले, मी रेषा सोडली नाही, आणि खाली रुंद जागा येताच एक मुलगा माझ्या उजवीकडून पुढे गेला. त्याने जाताना काठी उंचावून आभार मानले. बारा सेकंदांच्या अंतरामुळे असे गाठणे आणि गाठले जाणे अखंड चालू असते, आणि मागच्या नंबरांत जी सभ्यता असते ती मला या खेळातली अत्यंत मोलाची गोष्ट वाटते.

उताराचे भय सगळ्यांना असते, पण ही शर्यत माणसाला मोडते ती सपाटीवर. म्यूरेनच्या वरून मार्ग विंटरएगकडे वळतो, उतार मंदावतो, आणि माउलरहुबेलपाशी चक्क चढ लागतो. तोवर मांड्या पेटलेल्या असतात. शरीर घडी करून वाऱ्याखाली ठेवायचे, स्की सपाट धरायच्या, कडा बर्फाला लागू द्यायच्या नाहीत आणि आदल्या रात्रीच्या मेणावर भरवसा ठेवायचा. वेग संपला, की काठ्या मारत, पाय तिरके टाकत, धापा टाकत चढायचे. मार्गाच्या कडेला सकाळपासून उभी असलेली माणसे तेव्हाही उभी होती. गाईच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा ते दोन्ही हातांनी हलवत होते आणि "होप, होप, होप!" असे ओरडत होते. सकाळी विजेत्यांसाठी ज्या घशांतून आवाज निघाला असेल, त्याच घशांतून तो पंधराशेव्या नंबरानंतरही निघत होता. यात उपकाराची भावना मुळीच नव्हती. त्या गावात शर्यत म्हणजे शेवटचा माणूस येईपर्यंतचा दिवस, आणि तो दिवस ते पूर्ण पार पाडत होते.

विंटरएगला रेषा ओलांडल्यावर मी कठड्याशी बराच वेळ थांबले. तळघरातल्या त्या आजोबांना पाहायचे होते. ते आले तेव्हा त्यांचे शरीर अजून घडीत होते, हात पुढे, पाठ आडवी, आणि रेषा ओलांडेपर्यंत ते उभे राहिले नाहीत. चाकोरीच्या शेवटच्या वळणात त्यांनी वरची रेषा घेतली होती, जिथे मी आत शिरले होते. मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, की तिथली भिंत दुपारी ढासळते, दर वर्षी, आणि ढासळलेल्या बर्फात स्कीचा वेग मरतो. एवढे ज्ञान कुठल्याही नकाशात नसते; दर वर्षी मागच्या नंबराने खाली येऊनच ते मिळते.

रविवारी सकाळी परतीच्या गाडीत मी मनगटावरच्या घड्याळातली नोंद उघडून बसले. वरच्या भागात माझा वेग मला हवा तसा होता; कानोनेनरोरमध्ये तर मागच्या वेळेपेक्षा चांगला. वेळ गेला होता तो माउलरहुबेलच्या चढावर आणि त्याआधीच्या लांब सपाटीवर. तळ तपासला तेव्हा पायाखाली एक ओरखडा होता, पण मेण अजून शिल्लक होते. म्हणजे मेण बरोबर निवडले होते, कमी पडली ती ढकल. तेव्हा उन्हाळ्याचे ठरले. बर्नमधल्या आरे नदीकाठच्या डांबरी रस्त्यावर चाके लावलेल्या स्कीवर, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, फक्त चढाची ढकल. शेवटच्या वळणाला वरची रेषा. आणि अर्ज सुरू झाले, की पहिल्याच दिवशी अर्ज.